बार्बेक्यूचा ग्रिल पूर्ण खोलून कसा साफ करायचा: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात आम्हा अकरा जणींचा बचत गट आहे. हुरड्याच्या दिवसांत शेतावर जेवणाच्या ऑर्डरी घेतो. रोडगे, वांग्याचं भरीत, आगटीतला हुरडा हे आधीपासून होतंच, पण मागच्या काही वर्षांत अमरावती-अकोल्याकडून येणारी मंडळी पनीर, चिकन, मक्याचं कणीस ग्रिलवर मागायला लागली, म्हणून आधी वेल्डरकडून अर्ध्या ड्रमचा एक ग्रिल बनवून घेतला, मंग एक झाकणवाला तयार घेतला अन् आता एक गॅसचाही आहे. तिन्ही आम्ही भाड्यानंही देतो. साफ करायचं काम बहुतेक माझ्याकडे असते त्यामुळे प्रश्नही माझ्याकडेच येतात, अन् तेच तेच येतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

ताई, दर वेळी ब्रश मारतोच की आम्ही, मंग खोलून साफ करायची गरज काय?

ब्रश फिरतो तो जाळीच्या वरच्या अंगावर. चरबी अन् मसाल्याचं तेल टपकते ते मात्र खाली, जाळीच्या पोटाला, आतल्या भिंतीला, हवेच्या भोकांत, अन् बुडात राखेत मिसळून त्याचा काळा चिखल होते. ती चरबी खवट होते अन् पुढच्या वेळी ग्रिल तापला की तोच वास धुरातून पदार्थात उतरते. आमच्याकडे एकदा एका पाहुण्यानं पनीरचा तुकडा तोंडात घातला अन् म्हणे याला जुन्या तेलाचा वास येऊन राहिला, अन् वरून जाळी तं चकचकीत होती. खाली हात घालून पाहिलं तं बोटभर थर. तोच थर एखाद दिवशी पेटते, आग भसकन वर येते, अन् हवेची भोकं बुजली असली की कोळसा नीट न पेटता नुसता धुमसत राहते. शिवाय उंदीर, मुंग्या अन् मांजर येतात ते वेगळंच.

किती दिवसांनी करायचं?

हुरड्याचा सीझन चालू असला की आम्ही दर दहा-बारा वापरानंतर करतो. घरी महिन्या-दोन महिन्यांतून एखादी वेळ पेटवत असाल तं वर्षातून दोनदा बस्स, एकदा सीझन संपल्यावर अन् एकदा सुरू व्हायच्या आधी. त्यातलं सीझन संपल्यावरचं कधीच चुकवू नका, कारण मृग लागायच्या आत राख अन् चरबी बाहेर नाही काढली तं पावसाळ्यात ग्रिलचं काय होते ते पुढं लिहिलं आहे.

सामान काय काय लागते?

बाजारातून वेगळं आणायचं फार नाही. जुना सराटा (उलथनं), नारळाचा काथ्या, भांडे घासायचं साबण, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, निंबू किंवा चिंच, रबरी हातमोजे, दोन-तीन जुने सुती धोतराचे फडके, एक लोखंडी घमेलं, बादली, अन् शेवटी लावायला तेल. बाभळीच्या लाकडाची वीतभर रुंद पट्टी सुताराकडून एका बाजूनं पातळ करून घ्या, ती फार कामाची आहे, तिचं खाली सांगते. वेळ धरा तीन तास. त्यातलं घासणं तासाभराचंच असते, बाकी भिजत ठेवणं अन् वाळवणं.

सुरुवात कुठून करायची? गार ग्रिलवर की गरम?

गरमवर. सगळ्यात जास्त लोक इथंच चुकतात. चरबी गार झाली की दगडासारखी बसते, मंग घासून घासून हात दुखतात अन् जाळीचा लेप निघून जाते.

आम्ही असं करतो. आधी अर्धी टोपली कोळसा पेटवून, झाकण लावून, भोकं पूर्ण उघडी ठेवून वीस-पंचवीस मिनिटं ग्रिल चांगला तापू देतो. गॅसवाला असेल तं सगळे बर्नर मोठे करून पंधरा मिनिटं. जाळीला चिकटलेलं दही, बेसन, मसाला हे सगळं जळून कोरडं होते अन् धूर कमी व्हायला लागते. धूर थांबला की समजायचं झालं. पण एक अट आहे, बुडात चरबीचं तळं साचलेलं असेल तं हे करायचं नाही, आधी ते गारच असताना सराट्यानं खरवडून काढायचं, नाही तं तीच चरबी पेटते.

मंग गरम जाळीवर लाकडाची पट्टी दाबून मागे-पुढे ओढायची. पहिल्या दोन-तीन वेळा पट्टीचं तोंड सपाट असते त्यामुळे नीट निघत नाही, पण गरम सळयांनी लाकूड जळत जाते अन् पट्टीला सळयांच्या आकाराच्या खाचा पडतात. त्या पडल्या की पट्टी तुमच्याच जाळीच्या मापाची होते अन् सळयांच्या बाजूचंही खरवडून आणते. माझी पट्टी आता तीन वर्षांची आहे, दुसऱ्या कुठल्या जाळीवर ती बसतच नाही.

यानंतर ग्रिल कोमट होईपर्यंत थांबायचं. जाळ्या काढून बाजूला ठेवायच्या अन् वरून खाली यायचं, म्हणजे आधी झाकण आतून, मंग भिंती, मंग हवेची भोकं, सगळ्यात शेवटी बूड अन् राखेचं भांडं. खालून सुरू केलं तं वरची घाण पुन्हा खालीच पडते अन् काम दोनदा. भिंती सराट्यानं कोरड्याच खरवडायच्या, निघालेली पूड खराट्यानं घमेल्यात घ्यायची, अन् इथपर्यंत पाण्याचा एक थेंबही लावायचा नाही. पाणी लागते ते फक्त जाळ्यांना अन् टपकलेलं तेल साचते त्या भांड्याला.

जाळ्यांसाठी बादलीभर कडक पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकायचा अन् स्टीलची जाळी अर्धा तास बुडवून ठेवायची. सोड्यानं चरबीचा साबणच होऊन जाते, काथ्या फिरवला की काळा गाळ निघून येते. बिडाची (ओतीव लोखंडाची) जाळी मात्र भिजत घालायची नाही, का ते खाली आहे.

तारेचा ब्रश वापरू का? दुकानदार तोच देतो.

मी वापरत नाही अन् भाड्यानं देतानाही सोबत देत नाही. जुन्या ब्रशची तार तुटते, केसासारखी बारीक असते, जाळीला चिकटून राहते अन् पदार्थासोबत पोटात जाते. घशात किंवा आतड्यात अडकून ऑपरेशन करावं लागलेल्या माणसांच्या नोंदी डॉक्टरांकडं आहेत. वापरायचाच असेल तं दर वेळी ब्रश उलटा करून तारा ओढून पाहा, एक जरी हातात आली तं फेकून द्या, अन् जाळी घासल्यावर ओल्या फडक्यानं दोन्ही अंगांनी पुसा. लाकडाची पट्टी नसेल तं अॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा चिमट्यात धरूनही छान निघते. अर्धा कांदा काट्याला खोचून गरम जाळीवर घासतात तेही चांगलं आहे, पण ते रोजच्या पुसण्याला, बसलेला थर त्यानं निघत नाही.

आमची जाळी कोणत्या धातूची आहे हे कसं ओळखावं, अन् त्यानं काय फरक पडते?

फरक पूर्णच पडते, म्हणून हे थोडं लांब लिहिते.

उचलून पाहा. जड, काळी, थोडी खरबरीत असेल तं बीड. बीड म्हणजे आपला जुना तवाच समजा, त्याला तेलाचा लेप बसलेला असते अन् तोच त्याला वाचवते. याला धुण्याचा सोडा, भिजवणं, साबणाचा मारा नको, कोरडं खरवडायचं, कोमट पाण्यात पटकन धुवायचं, लगेच आगीवर वाळवायचं अन् तेल लावायचं. अन् तापलेल्या बिडावर गार पाणी कधीच ओतू नका, तडकते.

चकचकीत अन् पातळ सळया, कुठंकुठं वरचा पापुद्रा सुटून खालचं काळं लोखंड दिसते, ती क्रोमचा मुलामा दिलेली. हलक्या हातानं घासायची. मुलामा सुटून पदार्थाला लागायला लागला की बदलून टाकायची, ती फार महाग नसते.

स्टीलची असेल तं चुंबक लावून पाहा. चांगलं ३०४ नंबरचं स्टील चुंबकाला जवळपास धरत नाही. स्टीलला धुण्याचा सोडा, निंबू सगळं चालते, पण लोखंडी तारेची घासणी नको, कारण लोखंडाचे कण त्यात रुततात अन् तेच जंगतात, मंग आपल्याला वाटते स्टीलच खराब निघालं. ब्लीचिंग किंवा क्लोरीनचं पाणीही नको, स्टीलला बारीक बारीक खड्डे पडतात.

काळी, काचेसारखी गुळगुळीत असेल तं इनॅमल. त्यावर सराटा, विळा काही चालवू नका, एक कपचा उडाला की तिथून जंग आत शिरते.

अन् आता जे मला कळकळीनं सांगायचं आहे ते. राखाडी चंदेरी, कुंपणाला लावतो तशी जाळी असेल तं ती जीआय, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. ती ग्रिलवर ठेवायचीच नाही. जस्त ४१९ अंशाला वितळते अन् पेटलेल्या कोळशाची आच त्याच्या कितीतरी वर जाते. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येते, कोणत्याही वेल्डरला विचारा, त्यांना माहीत असते. आमच्या ड्रमवाल्या ग्रिलला बनवणाऱ्यानं पहिल्यांदा हीच जाळी लावून दिली होती. आम्हालाही कळत नव्हतं, दोन वेळा त्यावर कणसं भाजली. कळल्यावर ती काढून साध्या लोखंडी सळयांची करून घेतली. तुमच्याकडे असेल तं घासत बसू नका, काढा.

पाणी कोणतं वापरायचं? बोअरचं चालते का?

हा प्रश्न आमच्याच भागातला आहे पण महत्त्वाचा आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला, अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं अन् विहिरीचं पाणी खारं आहे. चहा फाटते त्या पाण्यानं. लोखंडाला ते पाणी लागून तसंच राहिलं की एका रात्रीत जंग चढते.

ग्रिल आगीनं खराब होत नाही, तो बनलाच आहे आगीसाठी. त्याला खाते ओली राख अन् खारं पाणी. राख कोरडी असते तोवर काही करत नाही, ओली झाली की तिचं खार-पाणी होते (आपल्या आज्या त्याच राखेच्या पाण्यानं कपडे धुवायच्या), अन् ते पत्र्याला धरून बसते, वाळतच नाही. पहिल्याच वर्षी एका घरच्या पोट्ट्यांनी ग्रिल नेला होता, चांगले संस्कारी पोट्टे, परत देण्याआधी आपण धुऊन द्यावा म्हणून बोअरच्या पाइपनं राखेसकट आतून बाहेरून धुतला, झाकण लावलं अन् चार दिवसांनी आणून दिला. वरून इतका स्वच्छ होता की मी उघडूनही नाही पाहिला, तसाच कोठ्यात (गोठ्यात) ठेवला. दुसऱ्या वर्षी काढला तं बुडाचा पत्रा बोटानं दाबला अन् बोट आरपार गेलं. पत्र्याचे पापुद्रे बिस्किटासारखे हातात आले. त्या पोट्ट्यांचा काही दोष नव्हता, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, अन् तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते.

म्हणून ग्रिलच्या अंगाला पाणी नाही. जाळीला लागेल तेवढंच, अन् शेवटचं खंगाळणं प्यायच्या पाण्यानं. त्यानंतर लगेच आगीवर किंवा उन्हात वाळवणं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं ४५ अंशांचं ऊन असते, अंगणात पोतं टाकून त्यावर जाळ्या ठेवल्या तं अर्ध्या तासात खडखडीत वाळतात.

खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग बसले, घासून जात नाहीत.

ते क्षाराचे आहेत, साबणानं जाणार नाहीत. निंबू कापून घासा किंवा चिंचेचा कोळ दहा मिनिटं लावून ठेवा, मंग चांगल्या पाण्यानं धुवा.

राख कुठं टाकायची?

आधी एक दिवस-रात्र पूर्ण गार होऊ द्या. वरून राख गार लागते पण आत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असते. उन्हाळ्यात असली राख उकिरड्यावर टाकली अन् बाजूला पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) ढीग किंवा कडब्याची गंजी असली, वर वारा सुटला, तं काय होते ते आपण दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात पाहतोच. कोठे जळतात, बैल जळतात. लोखंडी घमेल्यातच काढा, प्लास्टिकच्या टोपल्यात नाही, अन् शंका असेल तं घमेल्यात (ग्रिलमध्ये नव्हे) पाणी ओतून काडीनं ढवळा.

लाकडी कोळशाची राख परसबागेत थोडी थोडी टाकली तं चालते. पण आपली काळी माती आधीच अल्कली बाजूची, म्हणून एकाच झाडाच्या बुडाशी ढीग करू नका.

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे निघून राहिले, रंग उडाला का?

बहुतेक वेळा नाही. झाकणाला आतून साधारणपणे रंग देतच नाहीत. ते धुराचं अन् चरबीचं जमलेलं कार्बन आहे, सुकलं की रंगासारखे पापुद्रे धरते. गरम असताना कोरड्या कागदाच्या बोळ्यानं पुसा, मंग गार झाल्यावर लाकडाच्या पट्टीनं. पदार्थावर पडले तं किळस येते, म्हणून दर दोन-तीन वापरानंतर एवढं तरी करा.

खायचा सोडा अन् व्हिनेगर एकत्र टाकला की फेस येते, त्यानं मस्त निघते म्हणतात?

फेस मस्त दिसते, काम फारसं होत नाही. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकाला संपवतात अन् उरते ते जवळपास साधं पाणी. वेगवेगळं वापरा. खायच्या सोड्याची पाण्यात घट्ट पेस्ट करून चिकटलेल्या जागी लावा, वीस मिनिटांनी काथ्यानं घासा, चरबी त्यानं निघते. व्हिनेगर किंवा निंबू हे जंगाला अन् क्षाराला.

डिझेलनं, पेट्रोलनं पुसलं तं लवकर निघते. चालेल का? अन् संडासाचं ॲसिड?

नाही, नाही अन् नाही. डिझेल-पेट्रोल भेगांत राहते, पुढच्या वेळी पेटवताना तोंडावर भडका येऊ शकते अन् वास तं पुढचे दहा स्वयंपाक जात नाही. संडासाचं ॲसिड लोखंड खाते. ते अन् ब्लीचिंग एकत्र आलं तं क्लोरीन वायू निघते, तो जीव घेणारा आहे. कॉस्टिक सोडा काही हॉटेलवाले वापरतात, चरबी नक्कीच काढते, पण कातडी जाळते, डोळ्यात उडाला तं डोळा जाते, अन् अॅल्युमिनियमच्या भांड्याला लागला तं भांडंच खाते. धुण्याच्या सोड्यानं जरा वेळ जास्त लागते, लागू द्या. तोही अॅल्युमिनियमला लावू नका, काळं पडते.

घरी फवारणीचा बॅटरी पंप आहे, त्याच्या प्रेशरनं धुतला तं?

हात जोडून सांगते, असं करू नका. त्या पंपात कपाशीची औषधं गेलेली असतात, दहा वेळा धुतला तरी नळीत, नोझलमध्ये, वॉशरमध्ये अंश राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरांतली माणसं गेली ते आपण विसरलो नाही. ज्याच्यातून ते औषध गेलं ते खायच्या भांड्याजवळ यायला नको. औषधाचा ड्रम, कॅन कापून ग्रिल बनवायचा विचार असेल तं तोही सोडा. आमचा ड्रम आधी खायच्या तेलाचा होता, ती खात्री करूनच घेतला, अन् तरीसुद्धा बाहेरचा रंग जाळण्यासाठी दोनदा लाकडं भरून रिकामाच पेटवला, जवळ कोणाला बसू न देता.

जंग चढलेली जाळी फेकायची का?

वरवरचा लाल-भगवा जंग असेल तं अजिबात नाही. पॉलिश पेपरनं किंवा चिंच-मिठानं घासून काढा, धुवा, आगीवर वाळवा अन् तेलाचा लेप द्या. सळई दाबली की वाकत असेल, खपल्या पडत असतील, खड्डे पडले असतील तं फेकून द्या.

लेपासाठी आमच्याकडं सगळ्यात चांगलं जवसाचं तेल. आपल्या विदर्भात जवस पिकते, घाण्यावर तेल मिळते, अन् ते तेल तापवलं की पातळ न राहता सुकून कडक होते, लोखंडावर टणक कातडीसारखं बसते. फडक्यानं अगदी पातळ हात फिरवायचा, अन् मंग दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं, इतकं की तेल लावलंच नाही असं वाटलं पायजे. जाड लावलं तं चिकट राहते अन् नंतर सोलून निघते. मंग ग्रिलवर झाकण लावून तासभर तापवायचं, गार करायचं, पुन्हा एकदा तेच. दोन-तीन हात दिले की जाळी काळीभोर, तुकतुकीत होते. जवस नसेल तं फल्ली (शेंगदाणा) तेलही चालते. रंगाच्या दुकानातलं जवसाचं उकळलेलं तेल मात्र घेऊ नका, त्यात लवकर सुकायची रसायनं घातलेली असतात, ते खायचं नाही.

एक सावधगिरी लोकांना माहीत नसते. जवसाच्या तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकलं तं ते आतून तापत तापत आपोआप पेटू शकते. वापरून झालं की दोरीवर पसरून वाळवा नाही तं पाण्यात बुडवून ठेवा, कोठ्यात तं टाकूच नका.

गॅसच्या ग्रिलला वेगळं काय?

आधी सिलिंडर बंद करून रेग्युलेटर काढा, मंगच हात लावा. बर्नर काढून पाहा, भोकं बुजली असतील तं सुईनं किंवा बारीक तारेनं एकेक मोकळं करा, काडीपेटीची काडी घालू नका, मोडून आतच राहते. बर्नरच्या मागच्या नळीत कोळी जाळं करते, बंद पडून असलेल्या ग्रिलमध्ये तं हमखास, अन् त्यानं हवा अडली की ज्योत निळी न येता पिवळी येते अन् भांडी काळी होतात. सिलिंडरच्या रबरी नळीला बाहेरून भेगा आहेत का पाहा. आयएसआय मार्कची नारिंगी सुरक्षा नळी असेल तं तिची मुदत पाच वर्षांची, तारीख नळीवरच छापलेली असते. जोडून झाल्यावर साबणाचा फेस सांध्यावर लावा, बुडबुडे आले तं गॅस गळते. काडी लावून गळती पाहू नका, कितीही अनुभवी माणूस असला तरी.

बर्नर अन् गॅसच्या वाटेवर पाणी मारू नका. बाकी जाळी, झाकण, तेलाचं भांडं वरच्यासारखंच.

तापवून साफ करताना आग भडकली तं?

पाणी टाकायचं नाही. पेटलेल्या चरबीवर पाणी पडलं की ती उसळते अन् आग अंगावर येते. झाकण लावा, खालची-वरची भोकं बंद करा, गॅस असेल तं सिलिंडर बंद. हवा तुटली की आग मरते. बिनझाकणाच्या ड्रमसाठी शेजारी कोरड्या मातीचं घमेलं भरून ठेवा, आम्ही ठेवतोच. अन् हे सगळं उघड्यावर करा. पावसाची सर आली म्हणून धुमसता ग्रिल कोठ्यात किंवा पडवीत घेऊ नका. थंडीत तं काही जण शेगडीसारखा खोलीत नेतात, बंद खोलीत कोळशाचा वायू साचते, त्याला वास नसते, माणूस झोपेतच जाते.

आमच्याकडं वणीचा दगडी कोळसा स्वस्त मिळते, त्यावर केलं तं ग्रिल लवकर काळा होते का?

होते, अन् नुसता काळा नाही. दगडी कोळशाला डांबर सुटते, ते भिंतीला चिकटलं की धुण्याच्या सोड्यालाही दाद देत नाही, अन् त्यातलं गंधक पत्रा खाते. वणी, चंद्रपूरकडं काही घरांत शेगडीत तोच जाळतात हे खरं आहे, पण तिथं वर भांडं असते, इथं पदार्थ थेट धुरात असते. बाभळीचा लाकडी कोळसा घ्या. त्याची राखही परसबागेत टाकू शकता, दगडी कोळशाची टाकू नका.

पावसाळ्यात कसा ठेवायचा?

राखेचा कण नको, जाळ्यांना तेलाचा हात, वर्तमानपत्रात गुंडाळून आत. हवेची भोकं अर्धी उघडी, म्हणजे दमटपणा आत कोंडत नाही. खाली दोन विटा देऊन जमिनीपासून वर. प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आतून घाम येते, त्यापेक्षा पत्र्याच्या शेडमध्ये नुसतं पोतं टाकलेलं बरं. अन् पुन्हा काढाल तेव्हा आत सरळ हात घालू नका. आमच्या कोठ्यात एकदा राखेच्या भांड्याखाली इचू निघाला होता, चांगला बोटाएवढा. आधी काठीनं ठोका, उलटा करा, उन्हात ठेवा.

आम्ही शाकाहारी आहो. तुमच्या ग्रिलवर आधी मटण झालं असेल तं?

हे विचारण्यात संकोच करू नका, घरात सासूबाई माळकरी असतील तं हा प्रश्न येणारच. आगीनं जाळून, सोड्यानं धुऊन जाळी स्वच्छ होते हे खरं, पण मनाचं समाधान त्यानं होत नाही अन् ते व्हावं असं आम्हालाही वाटते. म्हणून आमच्याकडं शाकाहारासाठी जाळ्या, चिमटे, तेलाचा ब्रश वेगळा आहे, जाळीच्या कडेला तांब्याच्या तारेचा वेढा दिलेला आहे तो ओळखायला, अन् त्या जाळ्या धुवायची बादलीसुद्धा वेगळी. बुकिंग करतानाच सांगा.

भाड्यानं नेलेला ग्रिल परत देताना किती साफ करून द्यायचा?

धुवायचा नाही. शेवटचा पदार्थ उतरला की जाळी गरम असतानाच सोबत दिलेल्या पट्टीनं दोन मिनिटं खरवडा, झाकण लावा, भोकं बंद करा अन् कोळसा आपोआप विझू द्या. दुसऱ्या दिवशी राख कोरडीच घमेल्यात काढून ठेवली तं उत्तम, नाही जमलं तं राखेसकट आणा. फक्त ओला आणू नका, अन् चुकून पाऊस लागलाच असेल तं आल्या आल्या सांगा, म्हणजे त्याच दिवशी पेटवून वाळवता येते.